स्टॉपरने सुचवलेलं नाव

काशीगावच्या एका टर्फवर मी सहा वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय. शिकवतोय म्हणजे, कागदोपत्री असिस्टंट. सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायचे, बॉलमध्ये हवा भरायची, आणि ‘आमच्या पोराला पुढे का खेळवत नाही’ म्हणून भांडायला आलेल्या आयांना चहा पाजायचा. स्वतः मी खारी गावच्या टीममध्ये बारा वर्षं स्टॉपर होतो, म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारा. गोल एकही नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकाने स्कॉटलंडहून हेड कोच आणला. साठीचा, नाक मोडलेलं, उजवा गुडघा वाकायचा नाही. तोही स्टॉपरच. तिकडच्या लहान गावांच्या क्लबांतून एकोणीस वर्षं पगारावर खेळलेला. त्या अख्ख्या कारकिर्दीची एकच क्लिप मोबाइलवर सापडायची. तीत दुसराच कोणीतरी गोल मारतो आणि हा मागे चिखलात बसलेला दिसतो. ती तो पालकांना हौसेने दाखवायचा. पालकांचे चेहरे पडायचे. यासाठी गोरा आणला?

मालकाला इंग्रजी येत होतं, पण याच्या उच्चारांचं नाही. मला कळायचं, कारण कॉल सेंटरमध्ये पाच वर्षं मी त्याच्याच गाववाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. म्हणून मी दुभाष्या. तो मुलांना बॉल न देता तासभर नुसतं उभं राहायला शिकवायचा. कुठे उभं राहायचं, कधी पुढे धावायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाला काम म्हणत होतं. मला फार बरं वाटायचं.

वर्षभरात गुडघ्याने त्याला दमवलं, तो परत निघाला. मालकाने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. मला म्हणाला, “पूछ इसको, अब हेड कोच किसको बनाऊँ?”

मी विचारलं. म्हातारा मालकाच्या डोळ्यांत बघत बोलला, की बाहेर शोधू नका, हा माणूस माझ्यापेक्षा चांगला शिकवतो, मुलं याच्याच हाती द्या.

“क्या बोल रहा है?”

स्वतःची तारीफ स्वतःच्याच तोंडाने, आणि तीही पगार देणाऱ्यासमोर? याला वाटेल, मीच मधे घुसडलं. आपलं कौतुक दुसऱ्याने करावं, असं घरात लहानपणापासून ऐकलेलं. इथे दुसऱ्यानेच केलं होतं, पण सांगायचं मला होतं.

“बोल रहा है, स्टाफ अच्छा है. आप जिसको रखेंगे, ठीक है.”

मालक खूश झाला. जिन्यात म्हाताऱ्याने विचारलं, “नीट सांगितलंस ना?” मी हो म्हटलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला.

घरी आईला सगळं सांगितलं तर म्हणाली, “तोंड न्हाय का तुला?” ते बंद ठेवायला तिनेच शिकवलं होतं.

नवा हेड कोच स्ट्रायकर आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने उभं राहायचा तास बंद केला. सगळी पोरं बॉलमागे धावतात, पालक व्हिडिओ काढतात. मी कोन मांडतो.

म्हातारा दर रविवारी फोन करतो. “काय हेड कोच, कशी आहे तुझी टीम?” बरी आहे, मी म्हणतो. मग तो विचारतो, कोण कुठे उभं राहतंय. आणि मी कोन गोळा करता करता त्याला एकेका पोराचं खोटं सांगत राहतो.