घराघरांत साथ

नंदकिशोर तोरसकर अंधेरीतल्या एका जाहिरात कंपनीत गेली तीस वर्षं मराठी लिहीत होते. लिहीत होते म्हणजे हिंदीतून उतरवत होते. हिंदी ओळ आधीच इंग्रजीतून उतरलेली असे, त्यामुळे त्यांच्या टेबलापर्यंत पोचेतो ती चांगलीच दमलेली असे. तेही दमलेले असत. दोघांचं जमून गेलं होतं.

शिकवणं त्यांच्या कामात धरलेलं नव्हतं. तरी अधूनमधून कोणी नवखं त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं जाई, जरा हात बसला की दुसऱ्या कंपनीत जाई आणि निरोपाचा केक कापताना सरांनी खूप शिकवलं असं सांगे. सरांनी शिकवलेली गोष्ट खरं तर एकच होती. ओळ लिहून झाली की आईला फोन लावायचा आणि बोलण्याच्या ओघात ती ओळ म्हणायची. आईने सरळ उत्तर दिलं, तर ओळ मराठी. आईने "बरी आहेस ना?" विचारलं, तर ओळ फाडायची.

या खेपेला त्या खुर्चीत बोरीवलीची श्रुतिका मेस्त्री होती, सहा महिन्यांच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाहीतर घरी. पहिल्या महिन्यात तिच्या आईने, सुलक्षणाबाईंनी, "बरी आहेस ना?" इतक्यांदा विचारलं, की शेवटी त्यांनी नवऱ्याला ऑफिस बघून यायला पाठवलं.

सहाव्या महिन्यात आरोग्य विम्याची हिंदी ओळ आली : 'अब हर घर में हमारा साथ'. श्रुतिकाने लिहिलं, 'आता घराघरांत आमची साथ'. कागद सरांपुढे ठेवून ती आईचा नंबर शोधू लागली. सरांनी सकाळपासून एक टूथपेस्ट, एक सिमेंट आणि एक इंटरनॅशनल स्कूल मराठीत आणलं होतं. "राहू दे गं, कशाला त्या बाईला त्रास," असं म्हणून त्यांनी कागदावर ओके लिहिलं.

पुढच्या आठवड्यात बोरीवलीच्या पुलाजवळ होर्डिंग लागलं आणि या वेळी फोन आईकडून आला.

"काय गो, कसली साथ इली? तुमच्या कंपनीनं येवढो बोर्ड लावल्यानी तो?"

दुपारपर्यंत बोर्डाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. खाली कोणी विचारत होतं, मास्क लावायचा का.

मीटिंगमध्ये क्रिएटिव्ह हेड तेजल शाह यांना चूक काय तेच कळेना. साथ म्हणजे साथच ना, असं त्यांचं म्हणणं. सरांनी समजावलं, की देतात तीही साथ आणि येते तीही साथ. घराघरांत शिरते ती दुसरी. मग ओळ पास कोणी केली, असं तेजलने विचारलं. श्रुतिका उठायला लागली. तिच्याकडे न बघता सर म्हणाले, "लिहिली तिने, ओके मी केली. ती आईला फोन लावत होती. मी लावू दिला नाही."

यात आईचा काय संबंध, हेही कोणाला कळलं नाही. पण विमावाल्यांना कोणीतरी माणूस दाखवायचा होता, आणि तीस वर्षं जुना माणूस जास्त ठळक दिसतो. सर निवृत्त झाले. श्रुतिका कायम झाली. केकवर तेजलने आवर्जून मराठीत लिहून घेतलं होतं, 'तुमची साथ विसरणार नाही'. 'साथ'चा तुकडा सरांनी स्वतः खाल्ला.

त्यानंतर बरेच दिवस श्रुतिकाने फोन केला नाही. काय बोलावं हे तिला सुचत नसावं. सरांना ऐकायचीही घाई नव्हती. ते मुलुंडला घरी बसून पेपरातल्या जाहिराती वाचत आणि शुगर तपासून घ्यायचं पुढे ढकलत.

एका दुपारी तिचा फोन आला. जेवलात का, तिकडे पाणी येतं का, असं इकडचं तिकडचं झालं आणि मग तिने विचारलं, "सर, डॉक्टरकडे जाऊन आलात का?"

"जाईन गं पुढच्या आठवड्यात. शुगर काय पळून चाललीय?"

पलीकडून नुसता टाईप केल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काही नाही सर. हेडलाईन होती."

इतक्या सहज फसल्याचा राग यायला हवा होता, पण तेवढी उमेद नव्हती.

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, सवड कोणाक हा? तूच ने मग."

"मग ओळ पाठव," सर म्हणाले.

डॉक्टरकडे मात्र ते पुढच्या आठवड्यातही गेले नाहीत.