दातवाल्या बाई आणि दोन कॉलेजं

आमच्या गल्लीत त्यांना सगळे दातवाल्या बाई म्हणायचे. त्या दातांच्या डॉक्टर नव्हत्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि बाई तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये, खिडकीशी बसून, त्या मापाबरहुकूम दात घडवायच्या. आधी प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणाचा दात, मग बारीक कुंचल्याने पोर्सेलीनचे थर. सव्वीस वर्षं हेच काम. पेशंट त्यांच्या नजरेस कधी पडला नाही, पण जबडा हातात आला की त्या सांगायच्या, "हा माणूस झोपेत दात खातो. आणि जेवतो एकाच बाजूने." डॉक्टर थक्क होऊन फोन करायचे.

त्यांची एकुलती एक लेक शाळा सुटली की लॅबमध्येच यायची. शेल्फवरचे जबडे खाली काढायची आणि कोण म्हातारं, कोण चिडकं, कोणाची दाढ लहानपणीच पडली, ते ओळखत बसायची. त्यामुळे बारावीनंतर "मला मानवशास्त्र आणि पुरातत्त्व शिकायचंय, आणि परदेशी शिकायला पाठवणारं कॉलेज हवंय" असं तिने जाहीर केलं, तेव्हा बाईंना फारसं नवल वाटलं नाही. तिचे वडील बस डेपोत वेळापत्रकं लावायचे. ते मात्र वैतागले.

"तू जिवंत माणसांचे दात करतेस, ही मेलेल्यांचे मोजणार. या घरात धड माणूस कुणाला बघायचाय की नाही?"

बाई म्हणाल्या, "बघून तर येऊ. बघायला काय जातंय?"

पहिलं कॉलेज चकचकीत होतं. काचेचा दरवाजा, हातात गुळगुळीत पुस्तिका, आणि तिसरं वर्ष अख्खं परदेशी विद्यापीठात. लेक हरखून गेली. माहिती द्यायला आलेल्या तरुणाने त्यांना कपाटातल्या कवट्यांच्या प्रतिकृती दाखवल्या. बाई काचेला नाक लावून बघत राहिल्या.

"यातली एक दाढ डाव्या बाजूची आहे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी उजवीकडे चिकटवलीय."

"ताई, हे नुसतं शोभेसाठी असतं," तो हसून म्हणाला आणि पुढच्या दालनाकडे वळला. लेक लाजून लालेलाल. परतताना बसमध्ये ती धुसफुसली, "आई, सगळीकडे तुझी लॅब काढायलाच हवी का?"

दुसऱ्या कॉलेजचा जिना झिजलेला होता आणि प्रयोगशाळेत ओल्या मातीचा वास होता. विभागप्रमुख मॅडम ठेंगण्या, करड्या आवाजाच्या. इथे परदेशी जायचं ते एकाच सत्रापुरतं, एका उत्खननावर, आणि वर्षाला चारच जणांनी. लेकीचं तोंड तिथेच उतरलं. टेबलावर ट्रेमध्ये उत्खननात मिळालेले सुटे दात कप्प्याकप्प्यांनी लावले होते. या खेपेला बाईंनी हात पाठीमागे बांधले होते आणि ओठही मिटलेले होते. पण मॅडमनी विचारलं, "काय बघताय एवढं?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. मग चाचरत म्हणाल्या, "ही दाढ खालच्या जबड्याच्या कप्प्यात आहे, पण ती वरच्या जबड्याची वाटते. मुळं तुटलीत, म्हणून फसायला होतं. खालची लांबट चौकोनी असते. ही तिरकी आहे बघा."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग घेतलं आणि दाढ उलटसुलट फिरवली.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं पडलीय इथे. माझ्याच हाताने ठेवलेली." आणि स्टूल पुढे ओढलं. "बसा. बाकीचे बघता का?"

बाई दोन तास बसल्या. मॅडम विचारत होत्या, विद्यार्थी वहीत उतरवत होते.

घरी मात्र रणकंदन झालं. "एक अख्खं वर्ष कुठे आणि एक सत्र कुठे! तेही चौघांत नंबर लागला तर!" लेक रडकुंडीला आली. वडील म्हणाले, "तिला हवं तिथे जाऊ दे." बाईंना मनातून दुसरं कॉलेज हवं होतं, पण आपला मान राखला म्हणून आपण भुलतोय का, हेच त्यांना उमगेना. म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "त्या चकचकीत कॉलेजातल्या एखाद्या मुलीशी बोल. परदेशी जाऊन काय केलं, ते विचार."

लेकीने पहिल्या कॉलेजातल्या, नुकत्याच परतलेल्या मुलीचा नंबर मिळवला. ती मुलगी प्रामाणिक निघाली. शहर सुंदर होतं, ग्रंथालय त्याहून सुंदर, शिक्षकही चांगले. "आणि खोदकाम?" लेकीने विचारलं. "छे! वर्षभर व्याख्यानं. माती लागली ती बुटांना." लेकीने फोन ठेवला आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कॉलेजचा अर्ज भरला.

दुसऱ्या वर्षी परदेशी जाणाऱ्या चौघांत तिचं नाव लागलं नाही. त्या आठवड्यात बाईंच्या हातून दोन साचे तडकले. शेजारीण म्हणून मी चहाला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं हो. मी तिथे शहाणपणा केला नसता तर ती त्या मोठ्या कॉलेजात असती." लेक आतून ओरडली, "तू काही केलं नाहीस! माझे उत्खननाच्या जागेचे आराखडे कच्चे होते, मॅडमनी तोंडावर सांगितलंय!" आणि खरोखरच तिने सुट्टीभर मॅडमच्या हाताखाली आराखडे गिरवले. पुढच्या वर्षी नाव लागलं. विमानतळावर वडीलच जास्त रडले.

महिन्याभराने एका दुपारी बाईंच्या फोनवर फोटो आला. लहान मुलाचा जबडा, हजारेक वर्षांपूर्वीचा. दुधाच्या दाताखाली पक्का दात अजून हाडातच होता. लेकीने विचारलं होतं, "वय किती असेल? इथले पाच ते सहा म्हणतायत."

बाईंनी हातातला कुंचला खाली ठेवला. फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"सहा पूर्ण झाली असणार," त्यांनी लिहिलं. मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ पाठवली, "समोरचा दात हलायला लागला असेल गं त्याचा."