दाजींच्या डब्यावरचा सात थरांचा रंग

हमरापूरचे दाजी गणपतींचे डोळे आखतात. मूर्ती भक्ताच्या मनात नाही, थेट खिशात बघते, असं गावातले खवचट म्हणतात. दाजी मात्र स्वतःला कलाकार मानतात ते बेंजोमुळे. तीस वर्षं हळदीत वाजवलाय, त्याच एका जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर. घरात त्याला 'डबा' म्हणतात. डब्यातून आवाज जरा फाटून येतो, आणि त्या फाटण्यावरच बायकांचे पाय उचलतात, हे दाजींचं शास्त्र.

गेली सात वर्षं हंगाम संपला की उरलेल्या रंगाचा एक हात डब्याला. रंग फुकटचा, हात शिवशिवणारा. डबा बिचारा काय बोलणार!

यंदा रोह्याला नातीची, सुरभीची, हळद. ती पाच वर्षांची असताना दाजींनी शब्द दिलेला, 'तुझ्या हळदीत मीच वाजवणार.' त्यामुळे भर दुपारीच बायको गिरजाबाई आणि डब्यासह स्वारी मांडवात हजर. तिथे साउंडवाला सुशील मिक्सर मांडून बसलेला.

"दाजी, बेंजो सरळ मिक्सरला लावू."

लावला. टोपावर चमचा आपटावा तसा आवाज आला. मेंदीचे हात वर धरून बसलेल्या सुरभीचं तोंड पडलं.

"डब्यापुढं माइक ठेव मग."

"बाजूला ढोल बसणार, माइकात ढोलच घुसंल. डब्यातनंच वायर काढू. मिक्सरला जोडायचं लाइन आउट कुठलं?"

दाजींनी डबा फिरवला. मागे दोन भोकं, जुळी भावंडं. तीस वर्षांत त्यांचं कामच पडलं नव्हतं. खालची अक्षरं रंगात गाडली गेलेली.

"एक स्पीकरचं, एक लाइनचं. स्पीकरचं लागलं तर माझा मिक्सर जळून जाईल. नाय दाजी, राहू द्या. कीबोर्ड हाय माझ्याकडं."

कीबोर्ड! दाजींच्या मिशा थरथरल्या. "डावं लाइनचं. गणपतीची शपथ!"

"कुठल्या गणपतीची? विकलेल्या का उरलेल्या?" गिरजाबाई मागून म्हणाल्या. "डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा मानूस! सरका अवो."

त्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला. मूर्ती घासणाऱ्या बाईच्या पिशवीत एक वेळ पान नसेल, पेपर असतोच. आधी पिवळा उडाला. मग पोपटी. "त्या साली दारालापन हाच फासलात." मग गुलाबी. "हा तर माझ्या साडीवर सांडलेला." सातव्या थराला गिरजाबाईंनी हात एकदम हलका केला, आणि अक्षरं वर आली.

सुरभी वाकली. "आजोबा, डावीकडं स्पीकर लिहिलंय."

सगळ्यांनी दाजींकडे पाहिलं. दाजींना एकाएकी मांडवाची झालर फार आवडली होती.

सुशीलनं उजव्या भोकात वायर लावली, मिक्सरचं बटण भीत भीत वर सरकवलं. दाजींनी तार छेडली. तोच तो फाटका आवाज, मांडवभर! आतल्या बायका हातात उलथणी घेऊन बाहेर. सुरभीनं ओल्या मेंदीसकट टाळी वाजवली, मेंदी गेली ती गेलीच. सुशीलनं मुकाट्यानं कीबोर्डच्या पिशवीची चेन लावली.

"सुरभे, काजळ आण गो," दाजी म्हणाले. उजव्या भोकाभोवती त्यांनी एक झोकदार डोळा आखला, पापण्यांसकट. आता चुकायचं कामच नाही.

"पुढल्या वर्षी ह्याच्यावर रंग मारलात," गिरजाबाई पेपर पिशवीत ठेवत म्हणाल्या, "तर तुमालाच घासून काढीन."