जिंकायला तो, पडायला मी

सेक्टर ३०मधल्या काकूंचं आधी सांगतो, कारण त्या नसत्या तर बाकीचं सांगायला मी बाहेर असतोच असं नाही. काका तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत आहेत, मूळचे नागपूरचे. मी खानापूर तालुक्यातला, नववीतून शाळा सोडून या उत्तरेकडच्या शहरातल्या सराफ बाजारात गलाईच्या दुकानात आलेला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्याकडची पोरं त्यापायी देशभर पांगलेली असतात. काकू एकदा चांदीची मोडकी भांडी घेऊन आल्या होत्या. मुशीचा चटका बसला आणि माझ्या तोंडून गावाकडची शिवी निघाली. काउंटरपलीकडून आवाज आला, "काहून रे, कुठचा तू?" मी लाजत गावाचं नाव सांगितलं. तेव्हापासून सणाचं जेवण त्यांच्याकडे.

आता गाडीचं.

आमच्या शेठकडे बरंचसं काम एका सराफाकडून यायचं. त्याच्या पोराला मोटरसायकलच्या ड्रॅग रेसचा नाद. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, चारशे मीटर, आधी पोचेल तो जिंकला. रविवारी सकाळी उजाडल्या उजाडल्या विमानतळाकडच्या रुंद रस्त्यावर ही मंडळी जमत. परवानगी कुणाची नाही, अँब्युलन्स नाही, रस्ता अडवायला दोन मित्र आणि त्यांच्या शिट्ट्या. गाडी हलकी करायला आरसे, मागची सीट, नंबरप्लेट, सगळं उतरवायचे. पण पोरगा स्वतः नव्वद किलोचा, तो कुठून उतरवणार? एके दिवशी दुकानात येऊन त्यानं मला तराजूत घातल्यासारखं बघितलं.

"ओए मराठे, गाड़ी चलानी आती है?"

माझ्याआधी शेठच बोलले. "आती है जी, पक्का आती है."

मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. गावाकडच्या शर्यतीत मी बैलांची छकडी हाकलेली. झेंडा पडायच्या आधी बैलांच्या अंगातून जी शिरशिरी जाते ती कासऱ्यातून हाताला कळते. इथं तीच क्लचमधून कळायची. इशारा झाला की क्लच सोडायचा. छातीवर कुणी पाय दिल्यासारखं व्हायचं आणि समोरचा रस्ता आवळत आवळत दोरीएवढा व्हायचा. त्या तेवढ्या वेळात भाड्याची खोली नसायची, भट्टीचा धूर नसायचा, आईचा "कधी येणार" नसायचा. भीती मागून यायची. रेषा ओलांडल्यावर.

आणि गाडी थांबली की सराफाचा पोरगा पळत यायचा. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढायचा, अंगातलं जाकीट ओढून घ्यायचा. जाकीट त्याच्याच मापाचं होतं म्हणा, माझ्या अंगात ते पोत्यासारखं लोंबायचं. ते चढवून तो गाडीवर बसायचा आणि रील काढायचा. "भाई फिर जीत गया." मी फ्रेममध्ये येतो म्हणून मित्र मला हातानं बाजूला सारायचे. इथल्या थंडीत मी बनियनवर फुटपाथवर उभा, आणि जिंकलेला माणूस तो. दर रविवारी हेच. आजही ते हात खांद्यावर आठवले की अंगाची आग होते.

सुटताना पुढचं चाक उचललं जाऊ नये म्हणून पुढचे शॉकअप पट्ट्यानं खाली आवळून बांधतात. तशी गाडी सरळ पळते, पण वळायला धड राहत नाही. शर्यत संपली की आधी तो पट्टा सोडायचा. त्या रविवारी मी सोडायला वाकलो, तर त्याला आधी व्हिडिओ हवा होता. तोही नुसता बसून नको, चालवताना हवा होता.

"भैया, पट्टा तरी..."

"तू मुझे सिखाएगा?"

गेला. पुढच्या चौकाला वळसा घालून येणार होता. चौकात गाडी वळलीच नाही. रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघालेला एक सिक्युरिटी गार्ड, माझ्या वडिलांच्या वयाचा, त्याला घेऊनच ती कठड्यावर गेली. पोरगा खरचटला. गार्डचा पाय मांडीत मोडला. मी आणि एक भाजीवाला त्याला रिक्षात घालेपर्यंत मागच्या सगळ्या गाड्या पसार झाल्या होत्या.

दुपारी शेठनं मला भट्टीमागं घेतलं. "संध्याकाळी चौकीत जायचंय. सांग, गाडी तूच चालवत होतास. सराफ दोन दिवसांत सोडवतील."

"पण मी नव्हतो, शेठ."

"आरं, एवढ्या रविवारी तूच होतास न्हवं? मग आणि एक रविवार."

असं म्हणाले. गावचा माणूस, ज्याच्या भरवशावर आईनं मला एवढ्या लांब धाडलं.

मी सेक्टर ३०ला गेलो. दारात उभा राहिलो. डोळ्यांपुढे एकच, गावात बातमी पोचणार ती "पोरगं तुरुंगात" एवढीच. काकूंनी पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मुलाला मराठी कळते, पण बोलतो हिंदीत. त्यानं सराफाच्या दुकानाचं नाव ऐकलं आणि फोनमधून मान वर केली. "मम्मी, उसका लड़का तो फेमस है. हर संडे खुद ही जीतता है." त्यानं रील लावले. प्रत्येकात हेल्मेट काखेत धरून तोच. एकात तर छाती ठोकून म्हणत होता, "इस गाड़ी को मेरे सिवा कोई हाथ नहीं लगाता."

काकूंनी चष्मा लावून ते पुन्हा बघितलं. मुलाचा फोन पर्समध्ये टाकला. "चल रे."

चौकीत सराफ पोराला शेजारी बसवून पोलीस साहेबांना सांगत होता, "जी, यही चलाता है, हमेशा यही. मेरे बेटे ने तो कभी रेस की ही नहीं." शेठ मान डोलवत होते. साहेबांनी काकूंना विचारलं, आप कौन?

"इसकी मौसी," काकू म्हणाल्या आणि फोन टेबलावर ठेवला. सराफाच्या पोराचा आवाज खोलीभर झाला. "भाईसाहब, जीतने को आपका बेटा और गिरने को मेरा भांजा? ऐसा कैसा?" मग साहेबांकडे वळल्या. "और जिसका पैर टूटा, उससे किसी ने पूछा?"

विचारलं नव्हतं. दिवसभरात कुणालाही सुचलं नव्हतं. शिपाई हॉस्पिटलात गेला आणि परत येऊन म्हणाला, "जी, वो कहता है मोटा लड़का था." साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सराफाच्या पोराकडे, आणि मला म्हणाले, जा.

माफी कुणी मागितली नाही. सराफानं काम दुसऱ्या गलाईवाल्याला दिलं. शेठ म्हणतात, तू माझं वाटोळं केलंस. बाजारात त्या पोराच्या गाडीला अजून शौक म्हणतात, आणि माझ्याबद्दल म्हणतात, भट्टीवाल्याला गाडीची मस्ती कशाला. गार्डला मी भेटून येतो. तो कुबडीवर आहे, नोकरी गेली. आणि ऐकतो की रविवारी तिकडे पुन्हा आवाज असतो. म्हणजे कुणीतरी दुसरा पन्नास किलोचा सापडला असणार. त्याची इथं कुणी मावशी आहे का, हे कोण विचारतंय.

काकू, तुम्ही कुणाच्या कुणी नसताना तिथं मावशी म्हणून उभ्या राहिलात. उद्या काका रिटायर होतील, तुमचा मुलगा बाहेर जाईन म्हणतो. नागपूरचं घर लावायचं असो, दवाखान्यात रात्र काढायची असो, मी जिथं असेन तिथून भट्टी विझवून येईन. भाचा म्हणून सांगितलंयत, तर एक दिवस भाच्यासारखं फेडीन.