बेकरीवाल्याचं परहेज

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि त्यावरून मला कोणी बोललं तर मी बोलणाऱ्यावरच संशय घेते. ‘सहजच आलो होतो’ म्हणणारा पाहुणा मला कधी सहज आलेला वाटला नाही. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरांनी अब्बांचा दुसरा रिपोर्ट वाचून ‘कुठून तरी गहू पोटात जातोच आहे’ असं म्हटलं, तेव्हा बाकीचे घाबरले आणि मी कामाला लागले.

अब्बा म्हणजे माझे सासरे. चंद्रपुरात जुन्या कोटाच्या आत आमची बेकरी आहे. पुढे दुकान, मध्ये भट्टी, मागे घर. टोस्ट, पाव, खारी, नानखटाई असा सगळा माल अब्बांच्या हाताखालून जातो. त्यांचं वजन उतरत चाललं होतं, पोटात काही ठरत नव्हतं, एकदा तर भट्टीसमोरच चक्कर येऊन पडले. तपासण्या झाल्या आणि कळलं की गव्हात जे ग्लूटेन असतं ते त्यांच्या आतड्याला सोसत नाही. जन्म मैद्यात गेलेल्या माणसाला मैदा वर्ज्य! हसावं की रडावं, घरात कोणालाच कळेना.

पहिल्या खेपेला परहेज, म्हणजे पथ्य, सांगितलं. गहू, मैदा, रवा, सगळं बंद. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचा आवाज बदलला होता. आतडं असंच सोलवटत राहिलं तर हाडं ठिसूळ होतील, म्हणाले, आणि पुढचा रिपोर्टही असाच आला तर बेकरीत पाऊल ठेवायचं नाही. परतताना बसमध्ये अब्बा खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे न बघताच बोलले, “भट्टीपाशी नाई गेलो तं मी घरात बसून काय करू? माश्या मारू? अल्लाची कसम बेटा, मी गव्हाचा दाना खाल्ला नाई.”

अब्बा खोटं बोलत नाहीत. माझी खरी पंचाईत तिथेच होती. खोटं बोलणारा माणूस आज ना उद्या सापडतो. खरं बोलणाऱ्याच्या पोटात गहू जातो कसा, याचा शोध कुठून सुरू करायचा?

मी स्वयंपाकघरापासून सुरू केला. हिंगाची डबी वाचली तर त्यात गव्हाचं पीठ. डबी गेली. चक्कीवर आमची ज्वारी कोणाच्या तरी गव्हामागून दळली जाते हे आठवलं, तेव्हापासून ज्वारी घरीच मिक्सरमध्ये दळायला लागले. अब्बांचं ताट, वाटी, कढई, उलथनं वेगळं केलं. मग माणसांकडे वळले. अम्मीवर, म्हणजे सासूबाईंवर, माझा दाट संशय होता. त्यांचं मन हळवं. नवऱ्याचं वाळलेलं तोंड बघून त्यांनी चहात टोस्ट बुडवून दिला नसेल कशावरून? मी टोस्टच्या बरणीवर नजर ठेवली. अब्बांच्या सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहिले. संध्याकाळी ते चौकातल्या टपरीवर चहाला गेले की मी पिशवी घेऊन भाजीच्या निमित्ताने मागोमाग निघायचे. एकदा त्यांच्या हातात खारी दिसली आणि मी झपाझपा पुढे झाले. त्यांनी ती रस्त्यावरच्या बकरीला घातली आणि हात पायजम्याला पुसले.

“सून करून आणली का दरोगा?” अम्मी एकदा फणकारल्या. “मी का माह्या मानसाले जहर देईन?”

डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्याला उत्तरं द्यायला वेळ नसतो.

तरी इतकं कळत होतं की चहाच्या वेळी अब्बांचा जीव कुरकुरीत, गोड अशा कशाला तरी तडफडतो. तीच वेळ धोक्याची. माझं माहेर अहेरीचं. तिथे आम्ही दोन्ही वेळा भात खाणारे, गहू सोडा म्हटलं तर आमचं काहीच अडलं नसतं. पण अब्बांना नानखटाईच्या तोडीचं काही दिलं नाही तर ते कुठेतरी घसरणार, ही माझी खात्री. मोबाइलवर एका बाईला फळांचं क्रंबल करताना पाहिलं. खाली शिजलेली फळं, वर लोणी-पिठाचा भाजलेला भुगा. मैद्याच्या जागी काहीतरी घालून, साखर काढून टाकून हे जमवायचं असं मी ठरवलं.

पहिलं तांदळाच्या पिठाचं केलं. दाताखाली रेती आल्यासारखं झालं. दुसरं ज्वारीचं, तर पीठ जुनं निघालं आणि कडू लागलं. तिसऱ्या वेळी ताजी ज्वारी दळली, त्यात थोडी नाचणी मिसळली. थंडीचे दिवस होते, तूप डब्यात दगडासारखं थिजलेलं. ते तसंच गार पिठात घेऊन बोटांच्या टोकांनी चोळलं. तळहात लावला की तूप वितळतं आणि भुग्याचा गोळा होतो, हेही आधीच्या दोन खेपांत कळलं होतं. पीठ रवाळ झालं तशी त्यात अहेरीहून आलेली चारोळी आणि तीळ घातले. खाली पेरू. बिया काढून, फोडी करून, दालचिनी टाकून नुसत्या वाफेवर मऊ केलेले. गोडीसाठी गुळाचा लहानसा खडा आणि वाळलेला मोहा.

मोह्याची पुडी आईने पाठवली होती. अहेरीच्या बाजारात जंगलातल्या गावांमधल्या बाया तो घेऊन बसतात, आणि आमच्याकडे तो मनुकांसारखा खाल्ला जातो. पण अम्मींनी पुडी हुंगली आणि डोक्यावरचा पदर सावरला. “तौबा! दारूचा मोहा माह्या चुलीवर?” हे फूल आहे, दारू फार पुढची गोष्ट, असं मी परोपरीने सांगितलं. त्या दिवसभर माझ्या तोंडाचा वास घ्यायला जवळ येत राहिल्या. संशयात आमच्या घरी मी एकटी नव्हते.

अब्बा म्हणाले, “भट्टीत ठेव, मस्त भाजून निंघन.” मी नाही म्हटलं. भट्टीच्या भिंतींना, पत्र्यांना, लाकडी फावड्याला, सगळ्याला मैदा चिकटलेला. मी घरातल्या लहान ओव्हनमध्ये भाजलं. आपल्या भट्टीला सुनेने नापाक ठरवल्यासारखं त्यांचं तोंड झालं. क्रंबल समोर ठेवलं तेव्हा ते बशी फिरवून फिरवून बघत राहिले.

“याले काय म्हन्तेत?”

“क्रंबल.”

“हा तं चुरा हाय. आमी चुरा गिऱ्हाइकाले देत नाई, कोंबड्याले टाकतो. अन् तू मले प्लेटीत देऊन राह्यली?”

मग चमच्याने वरचा थर उचकून त्याखाली औषधाची गोळी आहे का ते पाहिलं. एक घास घेतला. बराच वेळ चघळला. “गूळ कमी हाय,” म्हणाले, आणि बशी रिकामी केली. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

त्यानंतर चहाच्या वेळी रोज चुरा. पेरू संपले तसे सफरचंद, कधी केळी आणि बोरांचा गर. अब्बा रोज नावं ठेवत, रोज संपवत. टपरीवरून परतायला लागले की अम्मीच ओव्हन लावायला सांगत. आता पोट सुधारायला हवं होतं. सुधारलं नाही. उलट एका आठवड्यात असं बिघडलं की त्यांना भिंत धरून चालावं लागलं.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. “तुह्या चुऱ्यानंच झालं,” अम्मी म्हणाल्या. “आधी इतकं नोतं. तो मोहा अन् काय काय टाकते, कोनाले मालूम!” माझा नवराही जेवताना खाली मान घालून बोलला की थोडे दिवस ते बंद करून बघू. मी सगळ्यांवर पाळत ठेवली होती, आणि आता चार डोळे माझ्या हातांवर. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. माझ्या हातून काही चुकत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे पाणी मुरत होतं ते दुसरीकडेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुऱ्याची झाकलेली बशी घेऊन मधलं दार उघडलं आणि थेट बेकरीत गेले. सून म्हणून मी तिकडे सहसा जात नसे. ती पुरुषांची जागा. मैद्याची नवी पोती नुकतीच उतरली होती. अब्बांनी एका पोत्याची शिवण उसवली, धुळीसाठी नाकातोंडावर बांधलेला रुमाल खाली ओढला, चिमूटभर मैदा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून चावू लागले. चावून चावून त्याची गोळी झाली. ती त्यांनी कोपऱ्यात थुंकली, पाण्याची चूळ भरली आणि पोतं आणणाऱ्याला म्हणाले, “माल ढिला हाय, ताणत नाई. याचा पाव बसन.” मग दुसरं पोतं. मग नानखटाईच्या पिठाची चिमूट. मग पावाच्या कणकेचा तुकडा, नीट आंबली का ते पाहायला.

“अब्बा, हे काय करून राह्यले तुमी?”

ते दचकलेसुद्धा नाहीत. “चव पाहून राह्यलो.”

“तुमी तं कसम खाल्ली होती!”

“मंग? खाल्लं कुठी? चाखलं अन् थुकलं.” त्यांना खरोखरच कोडं पडलेलं दिसत होतं. “रोज्यात बी चाखतो. चाखल्यानं रोजा तुटत नाई, तं परहेज कसं तुटन?”

रमजानमध्ये मीही सालनाच्या रश्श्याचं मीठ जिभेच्या टोकावर घेऊन थुंकते, आणि माझा रोजा तुटला असं मला कधी वाटलं नाही. घशाखाली उतरलं नाही तर ते खाणं नव्हे, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. अब्बांनी परहेज रोज्यासारखं पाळलं होतं, इतकं प्रामाणिकपणे की त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातच आलं नाही. आणि गेल्या आठवड्यात ईदगाहजवळच्या मोठ्या लग्नाची ऑर्डर होती. सकाळपासून चाखणंच चाखणं.

“अल्ला माफ करते, अब्बा,” मी म्हटलं, “आतडं माफ करत नाई. थुकलं तरी जिभेले लागून राह्यते ना. तेवढंच पुरे.”

त्यांनी हातातला मैदा पोत्यात झटकला आणि तिथेच दुसऱ्या पोत्यावर बसले. मला वाटलं रागावले. मग हळूच म्हणाले, “मंग माल कोन पाहीन?”

मी नवऱ्याचं नाव घेणार होते, पण घेतलं नाही. तो भट्टीपाशी उभा होता, गालात खर्रा दाबून. कारागिरांच्याही गालात तोच. सुपारी, चुना, तंबाखूने भाजलेल्या जिभांना मैदा ढिला की कडक काय कळणार? अब्बांना ते माझ्याआधी माहीत होतं. म्हणून तर ते दुखणं अंगावर काढून रोज इथे येऊन उभे राहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला पहिल्यांदा माझ्या संशयाहून मोठी भीती वाटली, की हा माणूस चाखणं सोडेल आणि मग त्याला कशातच चव राहणार नाही.

चुऱ्याची बशी त्यांनी त्या दिवशी घेतली नाही.

दोन दिवस ते बेकरीकडे गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी पोती उतरल्याचा आवाज आला आणि मधल्या दारातून हाक आली, “बेटा, इथी ये.” मी ओले हात पुसत गेले. अब्बा उंबऱ्याच्या अलीकडे उभे होते. माझ्या नवऱ्याला पोतं उसवायला लावलं, आणि चिमूटभर मैदा माझ्या तळहातावर ठेवायला सांगितला.

“तू खर्रा खात नाई ना?”

“काय बोलता, अब्बा!”

“इचारून राह्यलो. आजकाल कोनाचा भरवसा हाय?” ते बारीक डोळे करून माझ्या दातांकडे बघत होते. “टाक तोंडात. गिळू नोको. पाच-धा वेळा चाव.”

मी मैदा जिभेवर ठेवला. आधी काहीच नाही, नुसता कोरडेपणा. मग तो भिजला, दाताला चिकटू लागला, आणि ताणला जाऊ लागला. कारागीर हात थांबवून बघत होते. बेकरीत उभ्या राहिलेल्या सुनेच्या तोंडाकडे असं सगळ्यांनी पाहावं, याची मला लाज वाटायला हवी होती. पण मी अब्बांकडे बघत होते. मी चावत होते तसा त्यांचा जबडा हलत होता, रिकामा.

“आता काय वाट्टे?” त्यांनी विचारलं. “ताणते का तुटते?”

मी पुन्हा चावलं. त्यांचाही जबडा पुन्हा हलला.

“तुटते,” मी म्हटलं.

ते बरोबर होतं की चूक, ते तपासायला त्यांना एकच चिमूट लागली असती. त्यांचा हात पोत्याकडे गेला, आणि तसाच मागे आला.

“थुक,” ते म्हणाले. “अन् पोतं वापस कर.”