यादीतून काढलेला आजार

"मॅडम, ह्यात दमा लिवलाय. मला दमा न्हाई," खिडकीतून केसपेपर आत सरकवत हमीदभाई म्हणाले.

मी सरकारी दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क. डॉक्टर निदान करतात, मी त्याला कोड लावते. प्रत्येक आजाराला असा ठरलेला कोड असतो. कुठं कोणता आजार किती, हे वरच्यांना त्यावरूनच कळतं.

हमीदभाई तेलगावकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करतात तिथं, बावीस वर्षं कामाला. "बाजारच्या दिशी सुट्टी. दुसऱ्या दिशी रुईत गेलो की छाती लई आवळती. दोन-तीन दिसांनी हलकं वाटतं. दमा आसा वार बघून येतो का?" मालक म्हणाला होता, कापसामुळं आजार झालाय असं दवाखान्यानं लिहून दिलं, तर धुळीतून काढून गेटवर वजनकाट्याला बसवतो.

मी डॉक्टरांकडं गेले. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "कापसाच्या धुळीचा आजार, बिसिनोसिस. लवकर धुळीतून बाहेर पडला तर माणूस सुधारतो. पण कॉम्प्युटरच्या यादीत तो नाहीच. मग जवळचा म्हणून दमा टाकला."

ती यादी मीच छाटली होती. काम झटपट व्हावं म्हणून वर्षभरात न वापरलेले कोड काढून टाकले होते. साहेबांनी शाबासकीही दिली. लई शहाणी मी!

"सर, हातानं लिहून द्या ना."

"रेकॉर्डला एक, हातात दुसरं? ऑडिटला कोण उभं राहणार, तुम्ही?"

कोड परत घालायला जिल्ह्याची परवानगी लागते. पत्र पाठवलं. उत्तर आलं: मागील वर्षी या आजाराची एकही केस नाही, सबब कोडची आवश्यकता नाही. अरे, कोडच नाही तर केस दिसणार कुठून? आणखी तीन पत्रं लिहिली, फोनवर भांडले. तोवर कापसाचा अख्खा हंगाम हमीदभाईंनी त्याच धुळीत काढला.

परवानगी आली तसा कोड परत घातला आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन मी स्वतः जिनिंगवर गेले. मालकानं शब्द पाळला. पण हमीदभाईंची छाती आता सुट्टीलाही मोकळी होत नव्हती. गेटपर्यंत येताना ते दोनदा खाली बसले.

"आता कशापायी आणला, मॅडम?" एवढंच म्हणाले.

महिनाअखेरीस जिल्ह्यावरून फोन. "एकदम केस कशी निघाली? खुलासा द्या."

मी खरं ते लिहिलं: यादीतून कोड मीच काढला होता. खुलासा परत आला. 'निदानात सुधारणा' एवढंच कारण टाका, म्हणाले. टाकलं.

एवढं शिकले. रिपोर्टात आजार नाही म्हणजे गावात नाही, असं धरून चालू नये. मी धरलं होतं.