कूलर बंद केल्यावर

मे महिन्यात नागपुरात ‘कूलर बंद करा’ म्हणणाऱ्या बाईशी कोणी मैत्री करत नाही. मी गेली काही वर्षं नेमकं तेच म्हणत आले आहे. आमच्या प्रयोगशाळेतला एसी तेव्हापासून बंद आहे आणि त्याच्या दुरुस्तीचा अर्ज टेबलांवरून फिरतोय. तोवर खिडकीत कूलर आहे. पण कूलरची हवा ओली, आणि मी मोजते तो अवरक्त प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा. हवेतली वाफ तो मधल्या मध्ये गिळते आणि माझ्या आलेखात नको तिथे खड्डे पडतात. म्हणून मोजणी सुरू करायची तर कूलर बंद, आणि कूलर बंद झाला की बाकीचे सहकारी लॅपटॉप उचलून वाचनालयात. सुरुवातीला निदान सांगून जायचे. आता मी बटणाकडे हात नेला की खुर्च्या सरकतात. नंतर चहाच्या वेळी हेच लोक, तुमच्या नमुन्यावरचा थर आणखी पातळ करून बघा, असं सुचवतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

माझं काम नखाएवढ्या चकतीवर चालतं. तिच्यावर व्हॅनेडियम ऑक्साइडचा पातळ थर देते. हा थर थंड असताना अवरक्त प्रकाशाला वाट देतो. हात भाजेल इतका तापवला की धातूसारखा वागतो आणि प्रकाश अडवतो, निवला की परत पहिल्यासारखा. थरावर मोहरीएवढ्या जागेत सोन्याची नक्षी असते, ती दुसऱ्या शहरातून करून आणावी लागते. कोणता प्रकाश अडवायचा हे नक्षी ठरवते, आणि थर तापवून किंवा निववून तिची निवड बदलता येते, रेडिओचं बटण फिरवून स्टेशन बदलावं तसं. असा पदार्थ निसर्गात मिळत नाही, बनवावा लागतो. माझ्या कितीतरी चकत्या वाया गेल्या. कुठे थराला तडे गेले, कुठे तापल्यावर थर बदलला तो परत आलाच नाही.

यंदाच्या मे महिन्यात एक चकती बदलली आणि परतही आली. मी पुन्हा तापवली, पुन्हा निववली. दरवेळी पडद्यावरची रेघ सरकली आणि आपल्या जागी परतली. मी उठून दारापर्यंत गेले, आणि कोणाला सांगायचं हेच सुचेना. व्हरांडा रिकामा होता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. आपलं माणूस म्हणावं असं कोणीतरी एकदा शेजारी बसावं आणि त्याच्यादेखत हे घडावं, एवढंच मला हवं होतं. नंदनवन भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तसं कोणी नाही. सावनेरला आई आहे. तिला फोन केला.

ती पहिल्या बसनं आली. सोन्याचं काम आहे म्हटल्यावर तिनं आधी किती सोनं असतं ते विचारलं. एवढ्यात नथीचं टोकही व्हायचं नाही, हे कळल्यावर तिचा निम्मा उत्साह गेला. मी कूलर बंद केला. खुर्च्या सरकल्या, खोली रिकामी झाली. आई पदरानं वारा घेत माझ्या शेजारी बसून राहिली. मी तिला सगळं समजावलं आणि चकती तापवायला घेतली.

रेघ सरकली. अगदी हवी तशी. मी आईकडे पाहिलं, तर ती यंत्राच्या झरोक्यातून चकतीकडेच बघत होती.

“मले तं काहीच दिसून नाही राह्यलं वं,” ती म्हणाली.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण माझ्या कामाला आरसाच लागतो. मी जरा चिडूनच तिला पडदा दाखवला. हे बघ, हा खड्डा इथं होता, तो तिथं गेला. आता निवल्यावर परत येईल. तिनं मान डोलावली. मग तिची नजर पडद्यावरून निघाली ती रिकाम्या खुर्च्यांवर गेली, दाराकडे गेली आणि माझ्या घामानं भिजलेल्या पाठीवर येऊन थांबली.

“रोज अशीच एकटी बसते का तू?”

मी म्हटलं, मोजणी असते तेव्हाच. मोजणी रोजच असते, हे नाही सांगितलं.

“मले वाटे, चार मानसं असतीन तुह्यासंग,” ती म्हणाली. “म्हनून मी कधी इचारलं नाही.”

रेघ परत आपल्या जागी आली तेव्हा आम्ही दोघीही तिच्याकडे बघत नव्हतो. आईनं माझी पाठ पुसली आणि हात तिथंच ठेवला. मला वाटलं होतं, कोणीतरी बघितलं की बरं वाटेल. तिनं बघितलं, आणि मला माझी प्रयोगशाळा पहिल्यांदा इतकी रिकामी दिसली. संध्याकाळच्या बसमध्ये तिला बसवून दिलं.

आता तिचा रोज फोन येतो. प्रयोगाचं ती विचारत नाही.

“आज कोनी होतं का तुह्याजवळ?”

मी हो म्हणते.

“कोन वं?” ती विचारते.